हाक मारल्यावर बघते का?

सलिमा शेख माझ्या टेबलासमोर आली, पण खुर्चीत बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, तुमचा फॉर्म खोटं बोलतो."

सोमवारची सकाळ होती. सोमवारी माझं डोकं तसंही ठिकाणावर नसतं, हे आमच्या पिंपरीच्या केंद्रात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात ही बाई थेट माझ्या लेकराला नावं ठेवत होती. कारण तो फॉर्म माझा होता.

लहान मुलांमध्ये ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या खुणा आहेत का हे चाचपण्यासाठी आई-वडिलांना विचारायचे तीस प्रश्न. मूळ प्रश्नावली इंग्रजी. ती मराठीत आणायला आम्हाला चौदा महिने लागले. दोघींनी एकमेकींचं न बघता भाषांतर केलं. मग ज्यांनी मूळ कागद पाहिलाच नव्हता अशा दोघांनी आमचं मराठी परत इंग्रजीत नेलं, वाटेत काय सांडलं ते कळावं म्हणून. मग सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून आम्ही भांडलो. चर्चा वगैरे नाही, भांडलोच. मूळ प्रश्नातलं मूल वाढदिवसाचा खोटा केक कापत होतं, आमचं मूल खोटी भाकरी थापतं. भाकरी की पोळी यावर आख्खी दुपार गेली आणि त्यानंतर दोन माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलली नाहीत. शेवटी चाळीस आयांसमोर बसून एकेक प्रश्न वाचला आणि विचारलं, यातून तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. या आया निगडी-प्राधिकरणातल्या सोसायट्यांमधल्या आणि चिंचवडच्या एका बालवाडीतल्या. चाळीसच्या चाळीस जणींना प्रश्न बरोबर कळले. त्या दिवशी मी सगळ्यांसाठी जिलबी आणली होती.

"बसा," मी सलिमाला म्हणाले. "काय खोटं बोलला फॉर्म?"

तिनं पर्समधून घडी घातलेलं पत्र काढलं. आमचंच पत्र. आरफा सरफराज शेख, वय चार वर्षं दोन महिने, गुण पाच, सध्या काळजीचं कारण दिसत नाही. आमच्याकडे आठ गुण झाले की मूल पुढच्या तपासणीला जातं. पाच म्हणजे घरी जा आणि निश्चिंत राहा.

"माझी पोरगी बोलत न्हाई," सलिमा म्हणाली. "बालवाडीनं दोनदा परत पाठवली. आन् तुमचा कागद म्हणतो काळजी करू नका. जूनची बॅच सुरू होतीय ना तुमची?"

खरी गोष्ट ती होती. जूनपासून दहा मुलांची नवी तुकडी सुरू होणार होती. रोज तीन तास, आईसकट. तुकडीत घेताना मूल साडेचार वर्षांच्या आतलं लागतं, आणि त्यानंतरची तुकडी जानेवारीत. आरफाला ऑगस्टमध्ये साडेचार पूर्ण होत होती. यादी शनिवारी बंद होणार होती. म्हणजे या शनिवारी नाव लागलं तर लागलं, नाहीतर आमचं दार तिला कायमचं बंद.

मी फॉर्म काढला आणि तीसच्या तीस प्रश्न तिला पुन्हा वाचून दाखवले. सावकाश. समजावून. सलिमानं तीसच्या तीस उत्तरं पुन्हा तीच दिली. नावानं हाक मारल्यावर बघते का? बघते. हवी ती वस्तू बोट दाखवून मागते का? मागते. मोठ्या आवाजाचा त्रास होतो का? न्हाई. रोजच्या क्रमात बदल झाला तर अस्वस्थ होते का? न्हाई. एका प्रश्नापाशी मात्र तिचा आवाज खाली आला. एकोणिसावा. मूल तुमचं लक्ष वेधायला स्वतःहून तुम्हाला बोलावतं का?

"न्हाई," ती म्हणाली. "आमी तिला बोलावतो. ती कुणाला बोलावत न्हाई. एकदा पण न्हाई."

बेरीज पाच. मी कागद तिच्याकडे फिरवला. "आता तुम्हीच सांगा, खोटं कोण बोलतंय?"

माझ्या तोंडाला लगाम नाही, हेही केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे. सलिमाला मात्र राग आला नाही. तिनं पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "मी खरं सांगितलं. तरी फॉर्म खोटं बोलतो. कसं ते मला सांगता येत न्हाई. तुमी घरी या, बघा."

बुधवारी मी गेले. उदार मनानं वगैरे नाही, बाईचं म्हणणं खोडून काढायला गेले.

भोसरी एमआयडीसीच्या मागच्या बाजूला एक गल्ली आहे. एका दारात ग्राइंडिंग, दुसऱ्या दारात पावडर कोटिंग, तिसऱ्या दारात राहती माणसं, असा तिथला क्रम. सलिमाचं घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्यातली मागची भिंत एका प्रेसशॉपची. पलीकडे पत्र्यातून भाग कापणारी, दिवसरात्र चालणारी पॉवर प्रेस. बारा वाजायला आले होते. गल्लीच्या तोंडाशी मला तो आवाज ऐकू आला आणि घराच्या उंबऱ्यावर तो पायातून वर चढला. ठण्. ठण्. ठण्. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये फडक्याच्या पट्ट्या घातल्या होत्या. सलिमानं दारात येऊन काहीतरी म्हटलं. तिचे ओठ हलले एवढंच मला कळलं. तिनं हातानं चटई दाखवली, मी बसले. आरफाच्या वडिलांची, सरफराजची आई, जिला घरात सगळे दादी म्हणतात, कोपऱ्यात मेथी निवडत होती. तिनं मान हलवून मला सलाम केला आणि बोटांनी चहाचा कप धरल्याची खूण करून भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. दोन मिनिटांत चहा आला. एक शब्द न बोलता एवढा व्यवस्थित पाहुणचार माझा यापूर्वी कुठे झाला नव्हता.

आरफा प्रेसच्या भिंतीला टेकून बसली होती. डावा तळवा भिंतीला चिकटवलेला. उजव्या हातानं ती पत्र्याच्या गोल चकत्या ओळीनं मांडत होती, प्रेसमधून भोकं पाडताना पडतात त्या. मी एक चकती उचलून पाहिली. कडा कुणीतरी कानशीनं घासून घासून बोथट केली होती. सगळ्या चकत्यांच्या. दोनशे तरी असतील.

मी ओरडले, "आरफा!"

मी पंचवीस वर्षं मुलांबरोबर काम करते, माझा आवाज मोकळ्या मैदानावर पोचतो. आरफानं मान वळवली नाही. सलिमानंही वळवली नाही. दादी मेथी निवडत राहिली. त्या खोलीत मी कुणाला हाक मारली हे फक्त मला माहीत होतं. इतकं ओशाळल्यासारखं मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

सलिमाच्या लक्षात आलं. ती हसून उठली, दाराशेजारच्या बोर्डापाशी गेली आणि बल्बचं बटण तीनदा खालीवर केलं. खोली तीनदा अंधारली, तीनदा उजळली. आरफानं मान वर केली आणि सरळ आईकडे पाहिलं. सलिमा माझ्याकडे वळली. तिचे ओठ मला या वेळी नीट वाचता आले: बघा, बघते की.

आणि तेवढ्यात प्रेस थांबली. साडेबारा. कामगारांची जेवणाची सुटी.

शांतता अशी अंगावर येते हे मला माहीत नव्हतं. पुढच्या क्षणी त्या घरातल्या दोन्ही बायका एकदम बोलायला लागल्या. रेशनचं झालं का, गॅसवाला आला होता, बहिणीचा उद्गीरहून फोन होता, मॅडमला साखर पुरली का. "आधा घंटा है, जल्दी बोलो," दादी मला म्हणाली. त्या घरात दिवसाचं सगळं बोलणं या अर्ध्या तासात उरकतात. पण बोलता बोलताच सलिमा भिंतीकडे गेली होती. आरफानं आता दोन्ही तळवे आणि कपाळ भिंतीला लावलं होतं आणि ती बारीक आवाजात कण्हत होती. सलिमा तिच्यामागे बसली आणि तिच्या पाठीवर तळहातानं थोपटू लागली. सावकाश, जड, एका लयीत. ती लय मला ओळखू आली. पलीकडे थांबलेली प्रेस सलिमा इकडे चालवत होती. आरफाचं कण्हणं थांबलं.

"हे लाइटचं काय आहे?" मी विचारलं.

"आरफाच्या अब्बांनी काढलं," सलिमा हात न थांबवता म्हणाली. "ते चाकणला कंपनीत प्रेसवरच असतात. कानात बोळे घालून काम. आन् प्रेसवरच्या माणसाला मागून हात लावायचा न्हाई, असा नियमच असतो. दचकला तर त्याचा हात आत जातो. मग सुपरवायझर त्याच्या मशिनवरचा दिवा चालू-बंद करतो. माणूस बघतो. आरफा पण तशीच. मागून हात लागला की आधी लई दचकायची, तासभर रडायची. तर हे म्हणले, घरात पण तसंच करू. एकदा लाइट मारली की दादी. दोनदा मारली की मी. तीनदा आरफा."

"आणि तोंडानं हाक?"

"कशाला? ऐकू कुणाला येतीय?"

"आता येईल. आता मारा."

सलिमा अशी बघायला लागली की मी तिला चार माणसांत गाणं म्हणायला सांगितलंय. मग तिनं हळूच म्हटलं, "आरफा." मग जरा मोठ्यानं, "आरफा, बेटा." मग दादीनं. मग मी. खोली इतकी शांत होती की पावडर कोटिंगवाल्याचा रेडिओ ऐकू येत होता. आरफा चकत्या मांडत राहिली. सलिमाचा हात तिच्या पाठीवर चालू होता, पण तिचा चेहरा पडला. चार वर्षांत त्या घरात आरफाला तोंडानं हाक मारायची वेळच आली नव्हती.

मी पर्समधून फॉर्म काढला. सातवा प्रश्न. या प्रश्नावर आमच्या समितीनं दीड तास घालवला होता. मुलाचं पाळण्यातलं नाव की लाडाचं नाव, हाक समोरून की पाठीमागून. पण तुमच्या घरात मुलाला बोलावतात कसं, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. कारण आमच्या चाळीसही आया शांत घरांत राहणाऱ्या होत्या. आणि आम्ही सगळे शहाणेसुद्धा.

"अकरावा. हवी ती वस्तू बोट दाखवून मागते म्हणालात," मी म्हणाले. माझा आवाज सोमवारचा राहिला नव्हता. "कशी मागते?"

सांगायची वेळ आली नाही. आरफाला तहान लागली असावी. तिनं आईचा हात पाठीवरून ओढून घेतला. एकेक करून त्याची तीन बोटं मिटली, अंगठा आत घातला, तर्जनी सरळ केली, आणि तो हात माठाच्या दिशेनं धरला. आईच्या तोंडाकडे एकदाही न बघता. माठ दाखवणारं बोट होतंच, फक्त ते सलिमाचं होतं. बोट कुणाचं, हे आम्ही फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं.

सोळावा प्रश्न मी वाचलासुद्धा नाही. मोठ्या आवाजाचा त्रास. आवाज थांबल्याचा त्रास मी नुकताच डोळ्यांनी पाहिला होता.

"बाविसावा," मी म्हणाले. "रोजच्या क्रमात बदल झाला तर अस्वस्थ होते का? तुम्ही नाही म्हणालात."

"न्हाई होत."

"कधीच नाही?"

"बदल करतच न्हाई ना, मॅडम."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला वाटलं, आता पुढे काही नसेल. पण दादी उठली आणि मांडणीवरून जेवणाची एक ताटली घेऊन आली. कडेला पोचा आलेली स्टीलची ताटली. आरफा फक्त त्यातच जेवते, पोचा तिच्या उजव्या हाताला आला पाहिजे. मग दादीनं तिच्याखाली धरलेली दुसरी ताटली पुढे केली. तिलाही पोचा होता, त्याच जागी, त्याच खोलीचा. पहिली कधी हरवली तर पंचाईत नको म्हणून सरफराजनं तशीच नवी ताटली आणून हातोडीनं ठोकून ठोकून हुबेहूब पोचा काढला होता. चार ताटल्या वाया गेल्या, पाचवी जमली. दादीच्या तिन्ही ओढण्या एकाच हिरव्या रंगाच्या होत्या. कॅलेंडरचं पान उलटलं की आरफा दिवसभर रडायची, तेव्हापासून कॅलेंडर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेलं. ईदचे नवे कपडे महिनाभर आधी आणतात, रोज धुतात आणि तिला दिसतील असे वाळत घालतात. ईदपर्यंत ते जुने झालेले असतात आणि मग ती घालते. दुकानाला जायचा रस्ता एकच. गल्लीत खोदकाम निघालं तेव्हा सरफराज अकरा दिवस तिला खांद्यावर घेऊन खड्ड्यातून चालत गेला, पण वळसा घेतला नाही.

"किती दिवस करताय हे?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील," सलिमा म्हणाली. "रडते ती, मग काय करायचं?"

पंचवीस वर्षांत मी या विषयावरची कितीतरी पुस्तकं वाचली, शिबिरं घेतली, आयांना सूचनांचे छापील कागद वाटले. या दोन खोल्यांत मला कुणी तरी हात धरून पहिलीच्या वर्गात बसवावं असं वाटत होतं. प्रेसवर काम करणारा एक माणूस, त्याची बायको आणि त्याची आई, तिघांनी मिळून एका चार वर्षांच्या मुलीभोवती सगळं घर तिच्या मापाचं कापलं होतं. इतकं मापात की मुलीला खुपेल असं काही उरलंच नव्हतं. ती रडत नव्हती, कारण तिला रडू येऊ नये याची तिघंही चोवीस तास काळजी घेत होती. आणि माझा फॉर्म फक्त रडणं मोजत होता. त्यांनी जेवढी जास्त माया केली, तेवढे त्यांच्या मुलीचे गुण कमी झाले. सलिमा बरोबर बोलली होती. ती खरं सांगत होती आणि फॉर्म खोटं बोलत होता.

एक वाजला. पलीकडे ठण् झालं, पेले थरथरले, आरफानं तळवा भिंतीला लावला आणि तिचे खांदे सैल पडले. आम्ही पुन्हा मुके झालो.

गल्लीच्या टोकाला चहाच्या टपरीजवळ उभी राहून मी सुमनताईंना फोन लावला. सुमनताई आमच्या केंद्राच्या मुख्य डॉक्टर. यादीवर शेवटची सही त्यांची.

"ताई, फॉर्म चुकलाय."

पलीकडून हसू आलं. मग, "कोण बोलतंय? आमची निशिगंधा अशी बोलत नाही."

"चेष्टा नंतर करा. सात, अकरा, सोळा, बावीस. चारही उत्तरं उलटी आहेत. पाच नाही, नऊ गुण आहेत तिचे."

"तुझ्या शब्दावर मला आकडे बदलता येणार नाहीत. मुलीला शुक्रवारी इकडे आण, मी बघते."

"इकडे आणली तर ती दारातच आडवी पडेल. तुम्हाला घरी यावं लागेल, ताई. आणि साडेबाराच्या आत पोचावं लागेल."

शुक्रवारी सुमनताई आल्या. साठीच्या बाई, गुडघे दुखतात, तरी चटईवर मांडी घालून बसल्या. अर्धा तास त्या प्रेसच्या आवाजात नुसतं बघत राहिल्या. सलिमा, दादी, लाइट, चकत्या, सगळं. साडेबाराला प्रेस थांबली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फॉर्म मागितला. सलिमानं आधी थोपटून आरफाला शांत केलं. मग एकेक प्रश्न नव्यानं, सलिमाला समोर बसवून, घडाघडा नाही तर गोष्ट ऐकल्यासारखा. बोलावता कसं? मागते कशी? कधी रडली होती, तेव्हा काय बदललं होतं? मी उत्तरांवर खुणा करत होते. सलिमा आरफाकडे पाठ करून बसली होती, कारण तिची सगळी आशा त्या कागदात होती. यादी दुसऱ्या दिवशी बंद होणार होती. सुमनताईंनी बेरीज केली. नऊ.

"नऊ म्हणजे?" सलिमानं विचारलं.

"म्हणजे तपासणी झाली पाहिजे, आणि ती मी आजच केली असं समजा," सुमनताई म्हणाल्या. "नाव लागेल."

सलिमानं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. दादी पीठ मळत होती, तिनं मळता मळताच वर बघून काहीतरी पुटपुटलं. मला वाटतं, दुआ असावी.

गप्पांत एक कधी वाजून गेला ते कळलंच नाही. प्रेस सुरू झाली नव्हती. पलीकडे साचा बदलत असावेत, अधूनमधून पान्हे आपटल्याचा आवाज येत होता. भिंतीपाशी आरफाचं कण्हणं पुन्हा सुरू झालं होतं, पण आम्ही तिघी कागदावर वाकलो होतो. सलिमा तुकडीच्या वेळा विचारत होती, बस कुठली ते विचारत होती, तिथं एवढं शांत असेल तर पोरगी कशी बसेल हे विचारत होती.

खोली अंधारली आणि उजळली. पुन्हा अंधारली आणि उजळली.

दोनदा. म्हणजे सलिमा. ती सवयीनं दादीकडे वळली, "क्या, अम्मी?" कारण घरात दुपारी तिला बोलावणारं दुसरं कोण होतं? दादीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. दादीनं नकारार्थी मान हलवली आणि ती बोर्डाकडे बघत राहिली. मग सलिमानं वळून पाहिलं.

आरफा दाराजवळच्या पत्र्याच्या ट्रंकेवर चढली होती. एक पाय अजून अर्धवट लटकलेला. बोट बटणावर. आणि ती आईकडे बघत होती. आईनं आपल्याकडे पाहिलं का, हे बघत होती.

कुणीच हललं नाही. मग आरफा ट्रंकेवरून उतरली, आईजवळ आली, तिच्याकडे पाठ करून बसली आणि वाट पाहू लागली.

सलिमानं तिच्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली. ठण्. ठण्. ठण्. तिचे डोळे वाहत होते, पण हाताची लय तसूभर चुकली नाही. मी पण रडत होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्या लहानशा जगात आवाज कुठे गेला हे त्या मुलीला कळत नव्हतं. पण तो आवाज आईच्या हातात आहे हे तिला माहीत होतं, आणि आईला कसं बोलावतात तेही. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं तिनं ते बघून ठेवलं होतं.

"मॅडम," सलिमा हात न थांबवता म्हणाली. "एकोणिसावा प्रश्न."

मी आणि सुमनताईंनी एकमेकींकडे पाहिलं. आम्हा दोघींना तो पाठ होता. मूल तुमचं लक्ष वेधायला स्वतःहून तुम्हाला बोलावतं का?

"त्याचं उत्तर बदला."

"सलिमा," मी म्हणाले, "ते होय केलं की एक गुण कमी होतो."

तिचा हात पहिल्यांदाच एक ठोका चुकला. "मग नाव जाईल?"

आठ गुणांना नाव राहतं हे मला माहीत होतं, पण माझ्या तोंडून ते निघायला क्षणभर उशीर झाला, आणि त्या क्षणात सलिमानं ठरवून टाकलं.

"जाऊ द्या गेलं तर," ती म्हणाली. "पण लिहा. माझ्या पोरीनं मला हाक मारली. ते कागदावर आलं न्हाई तर तुमचा फॉर्म पुन्हा खोटाच झाला."

पलीकडे प्रेस सुरू झाली. पुढचं कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. मी एकोणिसाव्यासमोरचं 'नाही' खोडलं, 'होय'वर खूण केली, नवी बेरीज आठ लिहिली आणि कागद सलिमासमोर धरला. आठच्या खाली सुमनताईंनी सही केली आणि सलिमाला बोटांनी खूण केली, लागलं.

सातवा प्रश्न आता आम्ही नव्यानं लिहितोय, आणि या वेळी आया शोधायला मी स्वतः भोसरी, चिखली, चाकणच्या गल्ल्यांतून फिरते. समितीत अजून भांडणं होतात. आरफा जूनपासून येते. पहिल्या आठवड्यात केंद्रातली दिव्यांची बटणं तिच्या उंचीच्या वर आहेत हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी बोर्डाखाली एक लाकडी पाट आणून ठेवला.